तांदळाची कणी : कांडपापासून कारखान्यापर्यंत

१. शब्द आणि वस्तू

धाराशिव जिल्ह्यातील वाशी हा बालाघाटाच्या पठारावरील तालुका. हा मुलूख परंपरेने ज्वारीचा. अलीकडे सोयाबीनने येथील शेतीत मोठी जागा व्यापली असली, तरी आहाराचा पाया भाकरीच राहिला आहे. या भागात ‘कण्या’ म्हटले म्हणजे जात्यावर भरडलेल्या ज्वारीच्या कण्या असा अर्थ होतो. त्या शिजवून ताकाबरोबर खाण्याची रीत जुनी आहे. कोकणात हाच शब्द तांदळाच्या तुकड्यांसाठी वापरतात, तर छत्तीसगढच्या सीमेलगत, गोंदियाच्या बाजारपेठेत, व्यापारी त्याच तुकड्यांना ‘कनकी’ म्हणतात. धान्ये भिन्न असली तरी या शब्दाभोवतीची सामाजिक भावना सर्वत्र एकच आढळते. कणी हे गरिबाघरचे अन्न होय. श्रीकृष्णाने दुर्योधनाच्या पक्वान्नांकडे पाठ फिरवून विदुराघरच्या कण्या आवडीने खाल्ल्या, ही कथा महाराष्ट्रातील कीर्तनकारांनी शतकानुशतके सांगितली. तिच्यातील सारा रस कण्या हे हलके अन्न आहे या श्रोत्यांच्या गृहीतावर आधारलेला आहे.

अलीकडे अन्नप्रक्रियेच्या क्षेत्रात कणीचे ‘मूल्यवर्धन’ हा विषय पुढे आला आहे. भातगिरणीत तुटलेल्या तांदळापासून पीठ, रवा, शेवया, कुरकुरीत खाद्यपदार्थ, ग्लुकोज यांसारखी उत्पादने तयार करावीत, असा त्याचा आशय आहे. या शब्दप्रयोगामुळे असा समज होण्याचा संभव आहे की, कणी ही आजवर टाकाऊ वस्तू होती आणि नव्या तंत्राने तिला प्रथमच मोल प्राप्त होत आहे. इतिहास या समजास पुष्टी देत नाही. घरगुती कांडपाच्या व्यवस्थेत कणीचा प्रत्येक दाणा उपयोगात येत असे. ती दोष ठरली ती यंत्राच्या आणि प्रतवारीच्या हिशोबात. यास्तव कणीपासून कोणते पदार्थ होऊ शकतात या प्रश्नाइतकाच, त्यांतून निर्माण होणारे मूल्य कोणाच्या पदरी पडते, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

२. कोष्ठागारातील कणिका

तुटक्या धान्याच्या वाटपाचा एक अत्यंत जुना उल्लेख कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, कोष्ठागाराध्यक्षाच्या प्रकरणात, आढळतो. धान्य कांडल्यावर, दळल्यावर अथवा भाजल्यावर किती उतरते याचा तपशील या प्रकरणात दिलेला आहे. त्यातच कणिका दास, कर्मकर व स्वयंपाकी यांना द्याव्यात आणि त्यांखेरीज जे उरेल ते भात शिजवून विकणारे व अपूप करणारे यांना द्यावे, अशी व्यवस्था सांगितली आहे. ‘कणिका’ या शब्दाच्या अर्थाविषयी भाषांतरकारांत एकमत नाही; कोणी त्याचा अर्थ कोंडा व पीठ असा घेतात, तर कोणी तुटके दाणे असा. तथापि कोणताही अर्थ स्वीकारला तरी या विधानातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. धान्याच्या शुद्धीकरणातून निघणारा गौण भाग राज्याच्या हिशोबात होता ही पहिली. तो भाग श्रम करणाऱ्या वर्गाचे अन्न म्हणून नेमून दिलेला होता ही दुसरी. शिवाय अन्न तयार करून विकणारे व्यावसायिक या वाटपाच्या साखळीत उभे होते, हेही येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. कोठारातील गौण मालाचे विक्रीयोग्य खाद्यपदार्थांत रूपांतर करणे ही कल्पना, म्हणजे, आधुनिक नव्हे.

३. घिरट, मुसळ आणि घरची कणी

दाणा तुटतो का, हे समजून घेतल्याशिवाय कणीचा इतिहास समजत नाही. भात शेतात प्रमाणाबाहेर वाळले, अथवा कापणीनंतर कडक उन्हात झपाट्याने सुकविले, किंवा वाळलेल्या दाण्याने पुन्हा ओल धरली, तर दाण्याच्या गर्भात सूक्ष्म तडे जातात. हे तडे तुसाच्या आत असल्याने डोळ्यांस दिसत नाहीत. भरडताना मात्र दाणा तेथेच दुभंगतो. लांब व बारीक जातीचा दाणा आखूड व जाड दाण्यापेक्षा अधिक तुटतो. उलटपक्षी भात आधी भिजवून, उकडून मग वाळविले तर दाण्यातील पिष्ट फुगून एकजीव होते, जुने तडे सांधले जातात आणि तूट बरीच कमी होते. कोकणातील उकडा तांदूळ हे या ज्ञानाचे उदाहरण आहे. त्याचे रसायन उलगडण्याच्या कितीतरी आधी ही रीत घरोघर रुळलेली होती.

कोकणात भात प्रथम घिरटावर भरडीत. त्यानंतर सुपाने पाखडून तूस वेगळे करीत आणि उखळात मुसळाने सडून तांदूळ पांढरा करीत. या प्रत्येक पायरीवर काही दाणे तुटत. पाखडणाऱ्या स्त्रीच्या हातून तूस, कोंडा, कणी आणि अख्खा तांदूळ असे चार भाग वेगळे होत आणि चारही भागांना ठरलेली जागा होती. तूस चुलीत व वैलात जाई. कोंडा गुरांच्या आंबोणात पडे. अख्खा तांदूळ सणावारासाठी, पाहुण्यासाठी अथवा विक्रीसाठी राखून ठेवीत. कणी घरच्या रोजच्या अन्नासाठी राहत असे.

या रोजच्या अन्नाची विविधता लक्षणीय आहे. कण्यांची पातळ पेज, जिला कणेरी असेही म्हणत, ही आजारी माणसाचे आणि सकाळी कामास निघणाऱ्याचे अन्न होती. तांदूळ व मुगाची डाळ भाजून, भरडून केलेले खिमट तान्ह्या मुलाला पहिल्या घासांत देत. गूळ व नारळ घालून केलेली खांडवी, फणसाच्या रसात तांदळाचा रवा भिजवून उकडलेली सांदणे हे पदार्थ मुळात भरड तांदळाचेच आहेत. अख्खा दाणा त्यांना चालत नाही. भाकरी, घावन, आंबोळी, शिरवळे आणि उन्हाळ्यात वाळवून ठेवायचे पापड, पापड्या व फेण्या यांसाठी तांदूळ शेवटी दळायचा वा वाटायचाच असल्यामुळे तेथे तुटक्या दाण्याने काहीच बिघडत नसे. अन्नशास्त्राच्या दृष्टीनेही हे बरोबर आहे. एकाच भातापासून निघालेल्या कणीत आणि अख्ख्या तांदळात पिष्ट व प्रथिने यांचे प्रमाण जवळजवळ सारखेच असते. भेद असतो तो आकाराचा आणि शिजल्यावर दाणा मोकळा राहण्याचा.

किंबहुना आजच्या परिभाषेत ज्यास मूल्यवर्धन म्हणतात, ते या घरांत नित्य चालत असे. फक्त त्याचा पैशांत हिशोब होत नव्हता. आणि हिशोब होत नसल्यामुळेच ते करणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाची नोंदही कोठे राहिली नाही. मुसळ हे कष्टाचे साधन होते. दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होणाऱ्या कांडपाचे गौरवीकरण करताना हे विसरता येत नाही. गिरणी गावात आली तेव्हा तिचे स्वागत करणाऱ्यांत बायका पुढे असल्यास त्यात नवल नाही. परंतु कांडप हे अनेक निराधार स्त्रियांचे मजुरीचे साधनही होते, आणि ते गिरणीने काढून घेतले, ही या बदलाची दुसरी बाजू होय.

४. गिरणी, रंगून आणि प्रतवारी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांदळाचे जागतिक व्यापारात रूपांतर झाले. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यानंतर ब्रह्मदेशाचा तांदूळ युरोपात मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला आणि रंगूनच्या बंदरात वाफेवर चालणाऱ्या गिरण्या वाढल्या. युरोपातील गिऱ्हाईक हा तांदूळ केवळ खाण्यासाठी घेत नसे. त्यातील बराच भाग कपड्यांना लावायची खळ आणि मद्य तयार करण्याच्या कारखान्यांत जाई. तुटक्या दाण्याला अशा रीतीने स्वतंत्र बाजारभाव मिळाला. अख्ख्या दाण्याचे व कणीचे प्रमाण पाहून मालाची प्रत ठरविण्याची पद्धत या व्यापारात रूढ झाली. घरात जी कणी वेगळ्या उपयोगाची वस्तू होती, ती व्यापारात मुख्य मालातील उणीव म्हणून मोजली जाऊ लागली.

त्याच सुमारास, १८८० च्या दशकात, एंगेलबर्ग या नावाने ओळखले जाणारे भात भरडण्याचे यंत्र प्रचारात आले. लोखंडी दांड्यावर दाणे एकमेकांवर व आवरणावर घासून एकाच फेरीत तूस आणि कोंडा काढण्याची त्याची रीत होती. यंत्र स्वस्त, सुटसुटीत आणि कोठेही बसविण्याजोगे असल्यामुळे ‘हलर’ या नावाने ते भारताच्या खेडोपाडी पसरले. परंतु या घर्षणात दाणा फार तुटे आणि तूस, कोंडा व बारीक कणी यांचे एकच मिश्रण बाहेर पडे. सुपाने जे चार भाग वेगळे होत, ते या यंत्रात पुन्हा एकत्र झाले. अशा मिश्रणातील बारीक कणी माणसाच्या अन्नातून निघून गुरांच्या खाद्यात गेली. हा हलरचा एक अलक्षित परिणाम होय.

पूर्व विदर्भात याच दशकात नागपूर-छत्तीसगढ लोहमार्गाचे काम झाले, आणि १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो आपल्याकडे घेतला. वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाला या मार्गाने दूरची बाजारपेठ मिळाली. गोंदिया हे जंक्शन पुढे भातगिरण्यांचे केंद्र बनले. त्या काळी भंडारा जिल्ह्यात असलेले हे शहर १ मे १९९९ पासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे आहे.

मुंबई व कोकण यांच्या तांदळाची तूट दीर्घकाळ ब्रह्मदेशाच्या आयातीने भरून निघत असे. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश जिंकल्यावर हा पुरवठा तुटला आणि १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले. तांदूळ अशा रीतीने सरकारी मोजमापाचा विषय झाला. त्याचे दूरगामी परिणाम पुढे तांदूळ न पिकविणाऱ्या मुलखांतही पोहोचले.

५. वर्ध्याचा आक्षेप आणि १९५८ चा कायदा

गिरणीच्या तांदळाविरुद्ध सर्वांत सुसंगत युक्तिवाद महाराष्ट्राच्या भूमीतच मांडला गेला. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीतून हातकांडपाच्या तांदळाचा पुरस्कार केला. जे. सी. कुमारप्पा हे या कार्याचे प्रमुख होते. त्यांच्या भूमिकेस दोन आधार होते. पहिला आरोग्याचा होता : तांदूळ फार सडल्यास कोंड्याबरोबर जीवनसत्त्वेही निघून जातात. जावा बेटात संशोधन करणाऱ्या आइकमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॉलिश केलेला तांदूळ आणि बेरीबेरीसदृश विकार यांचा संबंध दाखविल्यापासून हा मुद्दा शास्त्रज्ञांत मान्य होता. दुसरा आधार रोजगाराचा होता : गिरणी थोड्या माणसांत पुष्कळांचे काम उरकते आणि खेड्यातील प्रक्रियेचा लाभ शहराकडे नेते.

हा विचार स्वातंत्र्योत्तर धोरणातही उतरला. १९५५ साली अर्थशास्त्रज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील ग्राम व लघु उद्योग समितीने हातकांडपाला संरक्षण देण्याची भूमिका घेतली. त्यापाठोपाठ १९५८ साली तांदूळ गिरणी उद्योग नियमन कायदा संमत झाला. नवीन गिरणीला परवाना आवश्यक ठरला आणि तो देताना स्थानिक रोजगारावर होणारा परिणाम विचारात घेण्याची तरतूद झाली.

कायद्याने गिरणी थांबली नाही. मुसळाचे कष्ट पुन्हा स्वीकारण्यास कोणी राजी नव्हते, आणि १९६० च्या दशकात रबरी रोलरच्या नव्या गिरण्या देशात येऊ लागल्या. या यंत्रात तूस काढणे व पॉलिश करणे या क्रिया वेगळ्या होतात, दाणा कमी तुटतो, आणि तूस, कोंडा व कणी पुन्हा पृथक् मिळतात. याच काळात भंडारा जिल्ह्याचा सघन कृषी जिल्हा कार्यक्रमात समावेश झाला होता. १९५८ चा कायदा १९९७ साली रद्द करण्यात आला. वर्ध्याच्या युक्तिवादातील कांडपाचा आग्रह काळाने मागे टाकला. प्रक्रियेचा लाभ उत्पादकाच्या गावात राहावा हा भाग मात्र अनुत्तरित राहिला.

६. शासनाचे माप आणि वाशीचा तांदूळ

शासकीय खरेदीच्या व्यवस्थेत कणीला एक अधिकृत मर्यादा लाभली. गिरणीमालकाने १०० किलो धानामागे ६७ किलो कच्चा अथवा ६८ किलो उकडा तांदूळ परत द्यावा, आणि त्यात कणी कच्च्या तांदळात २५ टक्क्यांपर्यंत व उकड्यात १६ टक्क्यांपर्यंत चालावी, असे प्रमाण दीर्घकाळ रूढ राहिले. उकड्यासाठी मर्यादा कमी असण्याचे कारण वर सांगितलेल्या पिष्टाच्या गुणातच आहे. याचा अर्थ असा की, १०० किलो धानापासून आलेल्या ६७ किलो कच्च्या तांदळात पावणेसतरा किलोपर्यंत कणी असू शकते. मर्यादेत बसणारी ही कणी तांदळाच्याच भावाने मोजली जाते. त्यापलीकडची वेगळी काढून गिरणीमालक स्वतंत्रपणे विकतो.

वाशीसारख्या तालुक्यात तांदूळ आला तो मुख्यतः या मार्गाने. १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या या भागात तांदूळ हे सणाचे अथवा सुखवस्तू घराचे अन्न होते. स्वस्त धान्य दुकानांनी ही स्थिती बदलली. २२ नोव्हेंबर १९९५ पासून शालेय पोषण योजनेत विद्यार्थ्यांना दरमहा ३ किलो तांदूळ देण्यास प्रारंभ झाला. २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेत शिजविलेले अन्न देणे बंधनकारक झाले आणि खिचडी मराठवाड्यातील मुलांच्या परिचयाची झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर, २०१५ साली, शेतकरी आत्महत्यांची झळ बसलेल्या १४ जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही स्वस्त धान्य देण्याची योजना राज्याने आखली. त्यांत मराठवाड्यातील आठही जिल्हे होते. २०२३ पासून या योजनेत धान्याऐवजी रोख रक्कम देण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला.

ज्वारीच्या कण्यांच्या मुलखात तांदळाची कणी अशा रीतीने शासनाच्या पोत्यातून पोहोचली. तिला येथे स्वतंत्र नाव नाही, स्वतंत्र पदार्थ नाही. कोकणातील गृहिणी जी कणी चाळून पापड्यांसाठी बाजूला ठेवील, ती येथे भाताबरोबर शिजून चिकट होते आणि रेशनचा तांदूळ हलका असल्याची तक्रार मागे ठेवते. वस्तू एकच, तिच्यासंबंधीचे पाककौशल्य मात्र वस्तूबरोबर प्रवास करीत नाही.

७. तुटलेला दाणा पुन्हा दाणा

नव्या तंत्राने कणीचे काय होते? दळून पीठ आणि रवा ही सर्वांत साधी उत्पादने होत. दक्षिणेतील इडली-रवा हे त्याचे रूढ उदाहरण आहे. पिष्टावर विकरांची प्रक्रिया करून ग्लुकोजचा पाक काढता येतो. कणीचे ओलावलेले पीठ उष्णता व दाब यांखाली साच्यातून ढकलले असता शेवया किंवा फुललेले कुरकुरीत पदार्थ होतात.

याच शेवटच्या तंत्राचा एक प्रयोग सार्वजनिक महत्त्वाचा ठरला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व मिसळून त्यापासून साच्यातून तांदळाच्याच आकाराचे दाणे काढतात, आणि १०० सामान्य दाण्यांत असा एक या प्रमाणात ते मिसळतात. २०१९-२० पासून देशातील १५ जिल्ह्यांसाठी आखलेल्या प्रायोगिक योजनेत महाराष्ट्रातून गडचिरोलीची निवड झाली होती. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी २०२४ पर्यंत शासकीय योजनांतील सर्व तांदूळ असा पोषणयुक्त करण्याची घोषणा केली. या दाण्यांसाठी लागणारे पीठ कणीपासून करता येते. वर्ध्याने १९३४ नंतर ज्या पोषणहानीविरुद्ध आवाज उठविला होता, त्या प्रश्नाला अनेक दशकांनी मिळालेले हे कारखान्याचे उत्तर होय. कुमारप्पांनी तांदूळ कमी सडावा असे म्हटले होते. येथे तांदूळ पूर्ववत सडला जातो आणि त्याच्याच तुटक्या पिठातून पोषण परत घातले जाते.

बाजाराचा ओढा मात्र अन्नाकडेच राहील अशी खात्री नाही. कुक्कुटखाद्य आणि इथेनॉल यांसाठी कणीची मागणी वाढली. ९ सप्टेंबर २०२२ पासून भारताने कणीच्या निर्यातीवर बंदी घातली. २०२३ च्या जुलै महिन्यात इथेनॉलसाठी भारतीय अन्न महामंडळाकडून होणारा तांदळाचा पुरवठाही थांबविण्यात आला. पुढे साठे वाढल्यावर ही धोरणे सैल झाली आणि निर्यातबंदी मार्च २०२५ मध्ये उठली. विदुराच्या घरची वस्तू एव्हाना आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अधिसूचनांत आली होती. कच्चा माल म्हणून विकली जाणारी कणी या चढउतारांच्या पूर्णतः अधीन राहते; पापड किंवा शेवया होऊन गावातून निघणारी कणी तितकी राहत नाही.

८. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, कणीचे मोल तिच्या गुणांपेक्षा व्यवस्थेवर अवलंबून राहिले आहे. घरात ती अन्न होती, रंगूनच्या व्यापारात उणीव, हलरमध्ये पशुखाद्य, शासनाच्या मापात सवलत आणि आजच्या कारखान्यात कच्चा माल.

दुसरी गोष्ट स्थानाची. कणी जेथे निघते तेथेच तिच्यावरील प्रक्रिया किफायतशीर होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व कोकण ही अशी स्थाने आहेत. भातगिरण्या नसलेल्या वाशीत त्यांची नक्कल करण्यात हशील नाही. तथापि वाशीजवळ स्वतःची कणी आहे. भरडलेल्या ज्वारीचा पदार्थ येथे बाहेरून शिकवावा लागत नाही, आणि तांदळाच्या कणीचा इतिहास ज्वारीच्या कणीला पूर्वसूचना म्हणून उपयोगी पडावा असा आहे. ज्वारीचा रवा व पोहे यांना शहरी बाजारपेठ लाभत असताना त्यांची भरड कोठे आणि कोणाच्या मालकीच्या यंत्रावर होते, यावर या तालुक्याचा लाभ ठरेल.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट मालकीची. १९५९ साली मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाच्या उद्योगाने हे दाखवून दिले की, घरगुती कौशल्य बाजारात नेताना ते करणाऱ्या स्त्रियांना मजूर करण्याऐवजी भागीदार करता येते. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत वैयक्तिक उद्योगास प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, अनुदानाची आणि स्वयंसहायता गटातील सभासदास ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद होती. असे साहाय्य गिरणीच्या दारातील कणी आणि ती चाळणारे हात यांना एकत्र आणू शकले, तरच ‘मूल्यवर्धन’ या शब्दास अर्थ राहील. कौटिल्याने कणिका कर्मकरांना नेमून दिल्या होत्या, आणि त्यांखेरीज उरलेले अपूप करून विकणाऱ्यांना. कणी खाणारा आणि कणीपासून विक्रीचा पदार्थ करणारा हे तेव्हा दोन निराळे वर्ग होते. त्यांच्यातील हे अंतर कितपत कमी झाले, यावरच या उद्योगाची परीक्षा व्हावयास हवी.